जीभ परत आली तेव्हा

हे लिहायला बसले तेव्हा माझी मुलगी रूथ म्हणाली, आई, सावकाश लिही, घाई काय आहे? पण मला धीर धरवत नाही. जिला छत्तीस दिवस स्वतःचा श्वास घेता आला नाही आणि जवळजवळ दोन महिने एक शब्द बोलता आला नाही, तिनं सावकाश का लिहावं? मी भराभरा लिहिणार आहे. अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

माझं नाव विमल. वय बावन्न. सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला आहे, म्हणजे तयार टॉवेल उजेडात धरायचा आणि सुटलेला धागा, पडलेला डाग शोधायचा. हे काम मला फार चांगलं जमतं. आमचे हे, शमुवेल, रेल्वेत फिटर होते, आता निवृत्त. आम्ही पिढ्यान्‌पिढ्यांचे ख्रिस्ती. मंडळी म्हणजे आमच्या चर्चचे लोक, आणि चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. मंडळीच्या महिला मंडळाची मी अकरा वर्षं अध्यक्ष होते.

ज्यांचं अंग अचानक लुळं पडलंय आणि जे छताकडे बघत पडून आहेत त्यांच्यासाठी, आणि त्यांच्या उशाशी बसलेल्यांसाठी मी लिहितेय. पण या काळात माझे दोन आजार होते. एकाचं नाव डॉक्टरांनी सांगितलं. दुसऱ्याचं मला एकटीलाच माहीत होतं. दोन्ही सांगते.

चप्पल

डिसेंबरचा पहिला आठवडा होता. नाताळच्या गाण्यांचा सराव चालू होता, घरात करंज्यांचं सारण भाजून ठेवलं होतं. आठ दिवसांपूर्वी पोट बिघडून गेलं होतं, ते मी विसरूनही गेले होते. मग पायाच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. थंडीनं असेल म्हटलं. शनिवारी देवळाच्या पायऱ्या चढताना गुडघे कापसाचे झाले. रविवारी सकाळी अंगणातून घरात आले तर रूथ म्हणाली, आई, तुझी एक चप्पल कुठाय? चप्पल अंगणात सुटून पडली होती आणि मला कळलंच नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. पाय उडाला नाही. पुन्हा मारली. ते हातोडी खिशात ठेवून आमच्या ह्यांच्याकडे वळले, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. जीबीएस, ते म्हणाले. पेपरात वाचलेलं नाव. शरीराची राखण करणारी ताकदच चुकून स्वतःच्या नसांवर उलटते, असं त्यांनी समजावलं. बहुतेक लोक बरे होतात, पण वेळ लागतो. मी विचारलं, नाताळपर्यंत घरी जाईन ना? ते म्हणाले, बघू. कुठल्या नाताळपर्यंत, हे मी विचारलं नाही.

संध्याकाळी हात गेले. तिसऱ्या दिवशी पेला ओठाला लावला तर पाणी नाकातून आलं, आणि श्वास अर्ध्यात तुटायला लागला. मला यंत्रावर घेतलं. पुढं गळ्याला भोक पाडून नळी बसवली.

पुठ्ठ्यावरची मुळाक्षरं

ज्यांनी हे भोगलं नाही त्यांना एकच सांगते. आतलं माणूस पूर्ण जागं असतं. मला सगळं ऐकू येत होतं, कळत होतं, दुखत होतं. फक्त पापण्या माझ्या होत्या.

अतिदक्षता विभागात दिवस असा नसतोच. नळीतला कफ ओढण्याचा आवाज, कूस बदलणं, पुसणं, पुन्हा कूस. ते सगळं तिथल्या आया, लक्ष्मीमावशी, करायच्या. पद्मशाली विणकर घरातल्या, आपसात तेलुगू बोलणाऱ्या, हातानं राकट. माझे केस गुंतून जटा व्हायला लागल्या तेव्हा नर्स म्हणाली, कापून टाकू. लक्ष्मीमावशींनी दुपारी घरून खोबरेल आणलं, तासभर बसून एकेक गुंता सोडवला आणि दोन घट्ट वेण्या घातल्या. त्या दिवशी मला यंत्राचा आवाज ऐकू आला नाही असं म्हटलं तरी चालेल.

रूथनं एका पुठ्ठ्यावर मुळाक्षरं लिहून आणली. ती ओळीवरून बोट फिरवायची, हव्या अक्षराला मी एकदा पापणी मिटायची. दोनदा मिटली की नाही. काना, मात्रा ज्याचं त्यानं समजून घ्यायचं. ‘खाज’ हा शब्द आम्ही पहिला लिहिला. कुठं, ते शोधायला अर्धा तास गेला, पण नाकाचा शेंडा सापडला तेव्हा रूथ आणि मी दोघी जिंकलो होतो.

आमचे हे बाहेर व्हरांड्यात चादर टाकून झोपायचे. आत आले की माझा पाय चोळत बसायचे. मंडळीतल्या बायकांनी पाळ्या लावून घेतल्या. दुपारची पाळी रिकामी राहिली, कारण दुपारी सगळ्यांना कामं. ती सरोजनं घेतली. तिला दुपारी काम नव्हतं.

तिला काम नव्हतं ते माझ्यामुळं.

मी काय केलं होतं

आता दुसऱ्या आजाराचं सांगते.

सरोज आमच्या मंडळीतली, माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान, विधवा. मंडळीनं चालवलेल्या मुलींच्या वसतिगृहाची मेट्रन होती, तिथंच एका खोलीत राहायची. रूथला तिनं रविवारच्या शाळेत शिकवलेलं. गेल्या वर्षी महिला मंडळाच्या निवडणुकीत बायकांनी माझ्याऐवजी तिला अध्यक्ष केलं. पहिली टाळी मी वाजवली. घरी येऊन मला घास गेला नाही.

महिन्याभरानं संध्याकाळच्या वेळी मी वसतिगृहाच्या फाटकासमोरून जात होते. एक माणूस मोटरसायकलवरून उतरला, सरोज बाहेर आली, त्यानं तिला पिशवी दिली. तो तिचा दीर होता. मी त्याला ओळखत होते. तिच्या नवऱ्याच्या अंत्यविधीला मीच त्याच्या हातात चहाचा कप दिला होता. तो तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणून द्यायचा.

घरी येऊन मी वहीचं पान फाडलं आणि अक्षर बदलून लिहिलं. वसतिगृहात संध्याकाळी परपुरुष येतो, मुलींवर काय संस्कार होणार, पंचकमिटीनं विचार करावा. खाली नाव नाही, ‘एक हितचिंतक’. एकही शब्द खोटा नव्हता. पुरुष आला होता, संध्याकाळही होती. एवढी हुशारी माझ्यात आहे हे मलाही तेव्हाच कळलं.

कमिटीनं तिला काही विचारलं नाही. तक्रार आहे, मुलींची बदनामी नको, तुम्हीच राजीनामा द्या, असं सांगितलं. दिवाळीआधी तिनं खोली सोडली, भाड्यानं एक पत्र्याची खोली घेतली आणि साड्यांना फॉल लावायला लागली. मी तिच्या सांत्वनाला गेले, डब्यात शेंगाची चटणी घेऊन.

आणि आता ती रोज दुपारी बाराच्या उन्हात चालत येऊन माझे ओठ ओल्या कापसानं पुसत होती.

पहिले काही दिवस मला वाटलं, ही शिक्षा आहे. हात लुळा पडला तो त्या पत्रासाठी. मंडळीतली एक बाई माझ्या उशाशी उभी राहून दुसरीला म्हणालीही, काय पाप घडलं असंल कुणाला ठाऊक. हे आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी ऐकलं. ते कधी आवाज चढवत नाहीत, पण तेव्हा म्हणाले, याच खोलीत चार खाटा आहेत, मग चौघांचं पाप सांगा की. मला ते पटलं, आणि आजही पटतं. आजार शिक्षा म्हणून आला नव्हता. त्यानं फक्त मला एका जागी बांधून ठेवलं, आणि समोर सरोज होती.

प, त, र

नाताळ यंत्रावरच गेला. त्यानंतर दोन दिवसांनी मी ठरवलं, आज सांगायचं.

सरोजनं पुठ्ठा धरला. बोट फिरवलं. ‘प’ला मी पापणी मिटली. मग ‘त’. मग ‘र’. माझं काळीज इतकं धडधडत होतं की यंत्राचा आकडा वर गेला आणि नर्स डोकावून गेली.

“पत्र?” सरोज म्हणाली.

मी पापणी मिटली.

तिचा चेहरा खुलला. तिला वाटलं, प्रेषितानं मंडळ्यांना लिहिलेली पत्रं वाचून दाखव असं मी म्हणतेय. पिशवीतून तिनं बायबल काढलं आणि वाचायला लागली. मी दोनदा पापणी मिटली, नाही, नाही. पण डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, त्यामुळं तिला पापण्यांचा हिशेब लागेना. तिला वाटलं, बाईचं मन भरून आलंय. तिनं वाचलं ते नेमकं जुन्या माणसाविषयी होतं. मळका अंगरखा उतरवावा तसा जुना माणूस उतरवून टाका, नवा अंगावर घ्या. एकमेकांशी खोटं बोलू नका, हेही त्यातच होतं. लहानपणापासून पाठ असलेलं ते वचन मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं, कारण या वेळी मला उठून जाता येत नव्हतं.

वाचून झाल्यावर तिनं माझे डोळे पुसले आणि म्हणाली, उद्या पुढचं वाचते. पुठ्ठा तिनं कपाटावर ठेवला. मी तिला पुन्हा बोलवू शकत नव्हते.

पुठ्ठ्यावर हे मावणार नाही असं मला वाटलं, आणि त्या दिवशी मी देवाला वचन दिलं. एकदा जीभ दे, पहिली गोष्ट तीच सांगेन.

अंगठा

हे लिहिताना अजूनही अंगावर काटा येतो.

जानेवारीच्या सुरुवातीला एका सकाळी लक्ष्मीमावशी माझे पाय पुसत होत्या. त्या थांबल्या. ओल्या फडक्यासकट तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “बाई, परत करा.”

काय परत करा? मला काही कळलं नव्हतं. मी आतून सगळा जोर उजव्या पायाच्या अंगठ्याकडे लोटला. आणि तो हलला. गव्हाच्या दाण्याएवढा, पण हलला. लक्ष्मीमावशी फडकं टाकून डॉक्टरांना बोलवायला धावल्या. हे आत आले, त्यांनी माझा अंगठा पाहिला आणि बूट काढायच्या आधीच खाटेच्या कडेला बसून रडायला लागले. चौतीस वर्षांच्या संसारात मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

मग रोज काहीतरी नवीन. एक दिवस घोटा, एक दिवस करंगळी. एका दुपारी खांदा उडाला आणि सरोजनं चक्क टाळी वाजवली. यंत्र आधी तासाभरासाठी बंद करायचे, मग अर्धा दिवस. छत्तीस दिवसांनी ते कायमचं बाजूला सरकवलं. स्वतःचा श्वास. तुम्ही कधी तो घेऊन बघितलाय का? मी रात्रभर नुसती घेत होते आणि सोडत होते.

जीभ

जानेवारीच्या शेवटी गळ्यातली नळी काढली. भोकावर पट्टी लावून डॉक्टर म्हणाले, बोला. हे, रूथ, दोन नर्सा, सगळे उभे. रूथनं फोन धरलेला. मला काहीतरी मोठं म्हणायचं होतं. तोंडातून आलं, “चहा.” सगळे हसले. चमच्यानं दोन चमचे चहा दिला, आणि तसा चहा मी पुन्हा प्याले नाही.

दुपारी सरोज आली. मी तिचं नाव घेतलं. तिनं माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. सांगायचं होतं ना? हीच ती वेळ. मी म्हटलं, आज नको, ती किती खुशीत आहे. उद्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंग पुसताना लक्ष्मीमावशींच्या हातून पाणी सांडून चादर भिजली. माझ्या तोंडातून सटकन गेलं, “आंधळी हायस का गं?”

ज्या बाईनं जवळजवळ दोन महिने माझी घाण काढली, तिला मी हे म्हटलं. माझं दहावं वाक्य असेल नसेल. लक्ष्मीमावशींना राग आला नाही. त्या हसल्या आणि चादर ओढत म्हणाल्या, “आली की बाई परत.”

त्यांना म्हणायचं होतं, बरी झाली. मला मात्र त्याचा खरा अर्थ लागला. पाय परत आले, श्वास परत आला, आणि त्यांच्याबरोबर तीही परत आली होती, टाळ्या वाजवून पत्र लिहिणारी. मला वाटलं होतं ती यंत्रावर असताना मेली. ती नुसती लुळी पडली होती. माझी नस न्‌ नस जागी होत होती, तशी तिचीही.

मी लक्ष्मीमावशींची माफी मागितली. त्या म्हणाल्या, त्यात काय. पण मला एक समजलं. आजारात माणूस चांगलं वागतं ते बरेचदा दुसरं काही करता येत नाही म्हणून. खरी परीक्षा हात उचलता यायला लागल्यावर असते.

घरी

फेब्रुवारीत घरी आले. तेव्हा उठून बसायचे, दोघांनी धरलं तर उभी राहायचे. फिजिओच्या मॅडम आठवड्यातून एकदा येऊन व्यायाम दाखवून जायच्या, आणि बाकीचे दिवस सरोज करून घ्यायची. गुडघा दुमडायचा, दहा मोजायचे, सोडायचा.

आणि मी बोलत नव्हते. कारणं किती सुंदर सुचतात बघा. देवानं क्षमा केलीच आहे, मग जुनं कशाला उकरायचं? तिला उगीच दुःख होईल. तिच्या प्रेमाचा अपमान होईल. मी प्रार्थनेत डोळे मिटले की ही सगळी कारणं अगदी भक्तीच्या भाषेत समोर उभी राहायची. माझ्यातल्या त्या जुन्या बाईला अकरा वर्षं प्रार्थना चालवायचा सराव होता, तिला शब्दांची काय कमी? रोज सकाळी मी ठरवायचे सांगायचं, आणि रोज दुपारी तिला म्हणायचे, ये गं, चहा घे.

मार्च संपत आला. ऊन तापलं होतं. एका दुपारी माझा डावा पाय तिच्या हातात होता आणि ती दहा मोजत होती. सहावर थांबली आणि सहज सांगावं तसं म्हणाली की बार्शीला मुलींच्या एका वसतिगृहात मेट्रनची जागा निघालीय, तिथं खोलीही मिळते. पण ते मंडळीकडून वर्तणुकीचं पत्र मागतात. कमिटी देईना. फाइलीत तक्रार आहे म्हणतात.

“जाऊ दे. सात, आठ,” ती म्हणाली.

मी म्हटलं, “सरोज, ते पत्र मी लिहिलं.”

ती मोजायची थांबली. माझा पाय तिच्या हातात हवेत होता.

“ते दीर हुते माझे,” ती म्हणाली. “तुमाला म्हाईत हुतं.”

“व्हय.”

तिनं पाय टाकून दिला असता तरी मी काही म्हटलं नसतं. तिनं तो हळूच खाली घेतला, घोट्याखाली उशी सरकवली, टाच घासणार नाही हे बघितलं. मग पिशवी उचलली. दारात थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाली, “मला सांगून काय हुतंय, विमलताई? जितं पत्र दिलंत, तितं सांगा.”

दोन दिवस

रूथ स्वयंपाकघरात होती. तिनं ऐकलं होतं. ती बाहेर आली, म्हणाली, “आई, तू?” तिचा तो चेहरा मला आजाराच्या सगळ्या सुयांपेक्षा जास्त लागला.

मी देवळात सगळ्यांसमोर सांगणार म्हटल्यावर ह्यांनी आधी मला समजावलं. रूथची स्थळं बघतोय, थोडं थांब. सरोजला सांगितलंस ना, भागलं. पाळकसाहेबांच्या कानात घाल, ते काय ते निभावतील. मी म्हटलं, पत्र साऱ्या मंडळीत फिरलं होतं. मग ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. बोलले नाहीत, पण सकाळी मला धरून न्हाणीत नेलं, पाय पुसले, बोटांच्या मधलं पाणी टिपलं, मोजे चढवले. सगळं तोंड मिटून. तसलं गप्प राहून केलेलं काम अंगावर झेलणं फार अवघड असतं.

आणि तरीही, खोटं कशाला सांगू, मला आतून काहीतरी उसळत होतं. भीती होतीच, पण अंगठा हलला त्या सकाळसारखं वाटत होतं. जी नस मेली असं धरून चालले होते, ती ओढ घेत होती.

शनिवारी पाळकसाहेबांना घरी बोलावून सगळं सांगितलं. उद्याच्या उपासनेत तुमची साक्ष ठेवलीच होती, ते म्हणाले, बरं झाल्याची. मी म्हटलं, ठेवा. तीच देते.

रविवारी सकाळी हे रिक्षा घेऊन दारात उभे राहिले. म्हणाले, “चल. वॉकर घेतलाय.”

साक्ष

दारापासून पुढच्या टेबलापर्यंत मी वॉकर धरून स्वतः चालत गेले. मागं हे, हात पुढं धरून, पण न लावता. लोक रडत होते. कितीतरी फोन वर झाले होते.

मी म्हटलं, “मी चालत आले याबद्दल देवाची स्तुती. पण मला दुसरं सांगायचंय. सरोजबाईंविषयी कमिटीला निनावी पत्र आलं होतं, ते मी लिहिलं. तो माणूस त्यांचा दीर होता, आणि मला ते ठाऊक होतं. त्या अध्यक्ष झाल्या ते मला सोसलं नाही.”

एकेक फोन खाली गेला. सरोज तिसऱ्या बाकावर ताठ बसली होती, माझ्याकडे बघत नव्हती. मला वाटलं होतं पाय लटपटतील. ते इतके भक्कम कधीच नव्हते. अंगावरून मणाचं ओझं गेलं की माणूस उडतं की काय असं वाटलं.

आणि आता खरी गंमत ऐका. उपासना सुटल्यावर बायका माझ्याभोवती जमल्या. लई धाडस केलंत बाई, आमच्यानं झालं नसतं. एकीनं हात धरला, दुसरीनं मिठी मारली. मला ते आवडायला लागलं. तिसऱ्या बाईला मी तीच हकीकत सांगायला लागले, जरा खुलवून, मध्ये थांबून. दहा मिनिटंही झाली नव्हती. पापाची कबुलीसुद्धा मला मिरवायला पुरली. ह्यांनी माझा दंड धरला आणि कानाशी म्हणाले, “विमल, घरी चल.” मी रिक्षात बसून हसायला लागले. ते विचारत होते काय झालं, आणि मला सांगता येईना.

कमिटीनं मला महिला मंडळातून काढलं आणि तीन महिने प्रभुभोजनापासून, म्हणजे उपासनेत वाटतात त्या भाकरी-द्राक्षारसापासून, दूर ठेवलं. ते लागलं. ताट पुढं येतं आणि आपल्याला सोडून शेजारणीकडे जातं, ते लागतं. पण पाळकसाहेबांनी कमिटीच्या वतीनं सरोजचीही उभं राहून क्षमा मागितली. तिला एका शब्दानं विचारलं नाही ही आमची चूक, असं म्हणाले. त्याच आठवड्यात त्यांनी तिला वर्तणुकीचं पत्र दिलं. बार्शीची जागा तिला मिळाली.

जे पडून आहेत त्यांना

तुमच्या उशाशी एक पुठ्ठा ठेवायला सांगा. नाकाला खाज येते हेही सांगायच्या लायकीचं असतं. बरं होणं सरळ रेषेत येत नाही. आज उचललेला हात उद्या उचलत नाही, परवा पुन्हा उचलतो. माझा डावा पाय अजून ओढतो.

आणि मनाचंही तसंच आहे. मला वाटायचं, नवा जन्म झाला की झाला. आता वाटतं, तोही व्यायामासारखा रोज करायचा असतो. कालच एका बाईवर ओरडले. तासाभरात फोन करून माफी मागितली. पूर्वी मी ते आयुष्यभर विसरून गेले असते. मला हे एवढं मोठं वाटतं की कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

जिना

मार्चनंतर सरोज आमच्याकडे आली नव्हती. मेच्या शेवटी, बार्शीला जायच्या दोन दिवस आधी, दुपारी दारात उभी राहिली. रूथकडून पाणी मागून घेतलं. माझ्या गुडघ्यांकडे बघत म्हणाली, जिना चढला का? मी म्हटलं, अजून नाही. ती म्हणाली, चला.

आमच्या गच्चीला अकरा पायऱ्या आहेत. ती माझ्या मागं, हात माझ्या पाठीपासून वीतभर लांब. चढताना बळकट पाय आधी, ती म्हणाली. उजवा, मग डावा. चौथ्या पायरीवर मी कठड्याला धरून थांबले. दम लागला म्हणून नाही.

“सरोज, मला माफ केलंस का?”

तिनं पदर कमरेला खोचला. मग म्हणाली, “केलं म्हटलं तर खोटं हुईल. रोज सकाळी उठून म्हणते, केलं. कधी दुपारपर्यंत टिकतंय. कधी तोंड धुवंपर्यंत पण न्हाय. मग परत म्हणते.” आणि मग, “उजवा पाय.”

मला रडू यायला हवं होतं. पण मला आनंद झाला, तो आवरेना. ही बाई, जिला मी देवमाणूस समजत होते, तिच्याही आत तीच झटापट चालली होती, आणि ती झटापट माझ्यासाठी होती. मी उजवा पाय वर टाकला.

गच्चीवर ऊन रणरणत होतं. रूथनं चादरीवर कुरडया वाळत घातल्या होत्या. सरोज धापा टाकत कठड्याच्या सावलीत बसली, मी तिच्या शेजारी. ती बार्शीच्या खोलीविषयी सांगायला लागली. खिडकी पूर्वेला आहे, मुली पंचवीस-तीस आहेत, पाण्याचं जरा अवघड आहे. बोलता बोलता तिनं हात लांब करून एक अर्धवट वाळलेली कुरडई उचलली, मोडली, निम्मी मला दिली. आम्ही खाल्ली.

मग ती उठली आणि जिन्याच्या तोंडाशी माझ्या पुढं उभी राहिली.

“उतरताना दुबळा पाय आधी,” ती म्हणाली.

मी डावा पाय खाली टाकला.